छापायला नको होतं ते पत्र

एल्डन टिबेट्स गेले तेव्हा गावातल्या चौघाजणांनी मला सांगितलं, "नॅडीन, त्यांच्यावर चार ओळी लिही. पण चांगलं लिही हं!" आता गेलेल्या माणसावर वाईट कोण लिहितं? पेपरात मी चांगलंच लिहिलं. धान्याचं कोठार एकतीस वर्षं सांभाळलं, चर्चच्या गायनवृंदात होते, 'सरळ रेघ' हे सदर सव्वीस वर्षं एकही आठवडा न चुकवता लिहिलं, मागे एक बहीण आहे. सगळं खरं होतं. पण उरलेलं खरं त्यात नव्हतं, ते इथे लिहिते.

एल्म फोर्क हे आमचं गाव नेब्रास्कात, जिथे गहू संपतो आणि गुरांचं रान सुरू होतं तिथे. आमचा पेपर दर गुरुवारी निघायचा. मालक माझे सासरे, पण मालकी म्हणजे दारावरची पाटी. बातम्या टाइप करायच्या, पट्ट्या कापायच्या, मागून मेण लावून पानावर चिकटवायच्या, टपाल फोडायचं, फोन घ्यायचे, हे सगळं माझ्या गळ्यात. एल्डन दर मंगळवारी सकाळी लंगडत जिना चढून यायचे आणि पिवळ्या कागदावर लिहिलेलं सदर माझ्यासमोर ठेवायचे. अक्षर असं सुंदर की टाइप करताना वाईट वाटायचं.

लहानपणी पोलिओ झाल्यानं त्यांचा डावा पाय बारीक राहिला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी वर्गातली सगळी मुलं सैन्यात भरती झाली, यांना डॉक्टरनं पाय बघूनच घरी पाठवलं. ते शल्य त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. बोलायचे नाहीत, पण मेमोरियल डेला सगळे जुने सैनिक टोप्या घालून चालायला लागले, की एल्डन कडेला उभे राहून टोपी छातीशी धरायचे आणि शेवटचा माणूस वळून दिसेनासा होईपर्यंत हलायचे नाहीत.

मग त्यांनी आपली लढाई कागदावर लढली. विरोधी मताच्या लोकांना त्यांचा राग यायचा, पण वाचायचे सगळे. सरकार मोठं झालं की माणूस छोटा होतो, हे त्यांचं पालुपद. निवडणुकीच्या आधी उमेदवारांची ते अशी काही हजेरी घ्यायचे, की स्वतःच्या पक्षाचेसुद्धा सुटायचे नाहीत. एकदा लिहिलं होतं, 'आपले नेते इथे मतं मागताना वाघ असतात आणि वॉशिंग्टनला पोचल्यावर त्यांना म्याव करायला कोण शिकवतं ते कळत नाही.' शहात्तर साली राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत झालेली हार त्यांना घरातलं कुणी गेल्यासारखी लागली. पण खचले नाहीत. म्हणाले, "नॅडीन, नेते हरले, माणसं कुठे हरलीत? आता चर्चच्या तळघरातून सुरुवात करायची."

आणि खरंच केली. सत्त्याहत्तर संपता संपता पनामा कालव्याचे करार सिनेटपुढे आले. कालवा आणि त्याच्या दोन्ही काठांची जमीन हळूहळू पनामाच्या हवाली करायची, असा तो प्रकार. एल्डन पेटले. दर बुधवारी मेथडिस्ट चर्चच्या तळघरात बायका कोबी-खिम्याचे पाव घेऊन जमायच्या, पुरुष कॉफी ढोसायचे आणि सगळे मिळून सिनेटरांना पत्रं लिहायचे. छापील कार्डांवर सही मारून पाठवणं एल्डनना मान्य नव्हतं. "छापील कार्ड कचऱ्यात जातं," ते म्हणायचे. "स्वतःच्या हातानं लिहा, स्वतःच्या शब्दांत लिहा. चुका झाल्या तरी चालतील." त्या एका हिवाळ्यात आमच्या एवढ्याशा गावातून नऊशेच्या वर पत्रं गेली. मीही पाच लिहिली. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. 'करार म्हणजे कुंपणाची तार,' त्यांनी लिहिलं होतं. 'एकदा आपल्या हातानं कापली, की गुरं परत येतील अशी आशा धरू नये.' गुरं राखणाऱ्या गावाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या सदराचा एक नियम होता, आणि एल्डनना त्याचा भारी अभिमान. सदराला आलेलं प्रत्येक पत्र पूर्ण छापायचं, एक शब्द गाळायचा नाही, नाव लपवायचं नाही आणि खाली उत्तर द्यायचं. "मोठे पेपर विरोधकांची पत्रं कापतात," ते म्हणायचे. "आपण कापायची नाहीत. ज्याला बोलायचंय त्याचं सगळं बोलणं लोकांनी ऐकलं पाहिजे." एका बाईनं त्यांना लंगडा बोका म्हटलं होतं, तेही छापलं. खाली उत्तर दिलं, 'बाईंचं निम्मं म्हणणं खरं आहे.'

आता मर्ल ओस्टमनबद्दल सांगते. मर्ल आमचे काउंटी क्लार्क. निवडणुका घेणं, मतं मोजणं, निकाल लावणं त्यांच्याकडे. सोळा वर्षं त्या खुर्चीवर होते आणि आमच्याच पक्षाचे. एल्डन आणि ते पहिलीपासून एका बाकावरचे. शाळेत एल्डनच्या पायावरून कुणी हसलं की मर्ल आधी हात उचलायचे, मग कारण विचारायचे. लढाईत मर्लना पाठवलं ते नेमकं पनामाला, कालव्यावर पहाऱ्याला. परत आले ते जास्तच गप्प होऊन. रोज सकाळी सहाला दोघं कॅफेच्या खिडकीपाशी बसायचे. एल्डन बोलायचे, मर्ल अंडी खायचे.

त्या जानेवारीत एल्डन त्यांना सारखे टोचायला लागले. "अरे, तू तिथे होतास! तू चार शब्द लिहिलेस तर माझ्या चाळीस सदरांपेक्षा भारी पडतील."

"नको, एल्डन."

"का नको? तोंड शिवलंय का तुझं?"

"मला तुझं पटत नाही, म्हणून नको."

मी त्या दिवशी पलीकडच्या टेबलावर न्याहारी करत होते. एल्डनचा चेहरा असा झाला, जणू बायकोनं दुसऱ्या पक्षाला मत दिल्याची कबुली दिली. (त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.) मग ते हसले आणि म्हणाले, "बरं, मग विरोधात लिही. तेही छापीन. नियम म्हणजे नियम!"

मर्लनी फेब्रुवारीत लिहिलं. पाच पानं. घरच्या पत्त्यावर पाठवायचं सोडून पेपरच्या कचेरीत टाकलं, कारण एल्डनचं सगळंच टपाल आमच्याकडे यायचं, वीजबिलसुद्धा. मंगळवारी मी नेहमीसारखी पाकिटं सुरीनं फटाफट फोडली, पत्रं एका बाजूला ठेवली, पाकिटं टोपलीत टाकली.

एल्डननी ते पत्र खिडकीशी उभं राहून वाचलं. मग बसून वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

पत्रात मर्लनी लिहिलं होतं, की त्रेचाळीस साली तिथल्या धक्क्यावर माल उतरवताना क्रेनला इशारा द्यायचं काम त्यांचं होतं. वय एकवीस. त्यांनी इशारा चुकीच्या वेळी दिला आणि खाली उभा असलेला सिरिल नावाचा हमाल पेट्यांखाली चिरडून मेला. चौकशीत मर्लनी सांगितलं, की तो माणूस न विचारता आत शिरला. गोऱ्या सैनिकाचा शब्द, तो खरा धरला गेला. सिरिलच्या बायकोला सांगण्यात आलं, की तुझा नवरा स्वतःच्या हलगर्जीपणानं गेला. ती दुसऱ्या दिवशी धक्क्यावर आली होती, मर्लनी तिला पाहिलं होतं. 'मी ओपलला हे कधी सांगितलेलं नाही,' असं त्यांनी लिहिलं होतं. ओपल म्हणजे त्यांची बायको. 'तू म्हणतोस ती जमीन आपण घाम गाळून मिळवली. असेल. पण मला ती जमीन म्हटलं की ती बाई दिसते. मी करारावर वाद घालू शकत नाही, एल्डन, मला तेवढी अक्कल नाही. मला फक्त वाटतं, जे आपलं नाही ते एकदा देऊन टाकावं आणि शांत झोपावं.'

मी विचारलं, "हे छापायचं?"

एल्डननी पाचही पानं नीट जुळवून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "सात वर्षांत मला आलेलं हे सगळ्यात प्रामाणिक पत्र आहे." सदराला तेव्हा सातच वर्षं झाली होती. "माझ्या विरोधात आहे म्हणून दाबलं, तर मी त्या मोठ्या पेपरवाल्यांपेक्षा वेगळा कसा? माझ्या मित्राला मी वेगळा न्याय लावला तर लोक काय म्हणतील?"

"पण ओपलना..."

"त्यानं सदराला लिहिलंय, नॅडीन. नियम माहीत असून लिहिलंय. टाइप कर."

मी टाइप केलं. अक्षर न अक्षर टाइप केलं. खाली एल्डनचं उत्तर आलं, त्यांच्या मानानं सौम्य. 'माझ्या मित्राची सद्सद्विवेकबुद्धी जागी आहे, त्याबद्दल मला आदर आहे. पण एका माणसाच्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून राष्ट्रानं आपली मालमत्ता सोडायची नसते.' वाक्य चांगलं होतं. चांगल्या वाक्याचा मोह फार वाईट.

बुधवारी दुपारी पानं तयार झाली. शेजारच्या गावी छापखान्यात न्यायला तासभर अवकाश होता, म्हणून मी टोपली शेगडीत रिकामी करायला घेतली. तेव्हा ते पाकीट हाताला लागलं. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'एल्डन, हे फक्त तुझ्यासाठी.'

एक फोन करायचा होता फक्त. कोठाराचा नंबर मला पाठ होता. पण दुसरं पान सगळं उचकटायला लागलं असतं, पंधरा इंच जागा भरायची कशानं हा प्रश्न, सासरे ओरडले असते आणि मुख्य म्हणजे एल्डननी विचारलं असतं, 'पाकीट फोडताना तुझे डोळे कुठे होते?' मी स्वतःला सांगितलं, की आता काय, झालं ते झालं. पाकीट शेगडीत टाकलं आणि झाकण लावलं.

गुरुवारी पेपर वाटला गेला. शुक्रवारी सकाळी सहाला एल्डन कॅफेत खिडकीपाशी बसले. मर्ल आले नाहीत. शनिवारी आले नाहीत. सोमवारी आले ते काउंटरवरून कॉफी घेऊन उभ्या उभ्याच निघून गेले. एल्डन म्हणाले, "अरे मर्ल, बस की!" मर्लनी मान हलवली, जशी रस्त्यात अनोळखी माणसाला हलवतात तशी. भांडले असते तर बरं झालं असतं. दोघांपैकी एकालाही भांडता आलं नाही.

गाव मात्र बोलायला लागलं. आणि लोकांच्या तोंडाला काय हात लावणार! करारावर मर्लनी काय लिहिलं ते दोन दिवसांत विसरले, उरलं एवढंच, की मेलेल्या माणसावर यानं खोटं ढकललं. एक जण कॅफेत म्हणाला, "आणि हा सोळा वर्षं आपली मतं मोजतोय!" तळघरात आमच्याबरोबर पत्रं लिहिणाराच माणूस तो. एल्डन ताडकन उठले. "तोंड सांभाळ. त्याच्याइतका सरळ माणूस या काउंटीत दुसरा नाही."

"मी कुठे काय म्हणालो? तुम्हीच तर छापलंत."

एल्डन खाली बसले. पुढच्या आठवड्यात त्यांनी मर्लच्या बाजूनं सदर लिहिलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी एक. पण जितकं लिहावं तितकी ती गोष्ट लोकांच्या ध्यानात ताजी राहत होती. शेवटी मीच म्हटलं, "एल्डन, पुरे करा आता. जखम चिघळतेय."

एप्रिलात करार मंजूर झाले, लागत होती त्याहून एकच मत जास्त पडलं. तळघरात कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या. एल्डन एवढंच म्हणाले, "हरलो तर हरलो," आणि उरलेले पाव कागदात गुंडाळायला लागले. मला वाटलं होतं ते आठवडाभर जेवणार नाहीत. पण त्यांचं लक्षच त्यात नव्हतं. त्यांचं लक्ष मे महिन्याच्या प्रायमरीकडे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीकडे लागलं होतं, कारण क्लार्कच्या जागेसाठी मर्लच्या विरोधात पक्षातूनच एक विमा-एजंट उभा राहिला होता. त्याच्या पत्रकावर एकच वाक्य होतं, 'ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवता येईल.'

आमच्याकडे मतदानाच्या संध्याकाळी लोक कोर्टाच्या इमारतीत जमतात आणि क्लार्क स्वतः फळ्यावर खडूनं एकेका केंद्राचे आकडे लिहितो. मर्लनी सोळा वर्षं इतरांचे आकडे लिहिले होते. त्या दिवशी स्वतःचे लिहिले. हात स्थिर होता. एका केंद्राचा कागद आला, तो त्यांनी दोनदा पाहिला आणि म्हणाले, "यांनी बेरीज चुकवलीय. समोरच्याची अकरा मतं राहिलीत." आणि पुसून अकरा वाढवून लिहिली. तसेही हरतच होते. त्या अकरांनी काही बदललं नाही, पण कुणी टाळी वाजवली नाही की कुणी शेजाऱ्याकडे बघितलं नाही. एल्डन मागे भिंतीला टेकून उभे होते. शेवटचा आकडा लिहून मर्लनी खडू ठेवला, हात पुसले, एजंटाशी हस्तांदोलन केलं आणि एल्डनच्या शेजारून दाराबाहेर गेले.

त्यानंतर एल्डन एकदाच मर्लच्या घरी गेले. जूनमधला रविवार होता. मी गाडीनं सोडलं, कारण त्यांचा पाय दुखत होता. दारात ओपल आल्या. "तो शेतावर गेलाय," त्या म्हणाल्या. मर्लची गाडी अंगणातच उभी होती. एल्डननी टोपी काढली, पुन्हा घातली, "मी येऊन गेलो म्हणून सांगा," म्हणाले आणि परत फिरले.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "एक शब्द, नॅडीन. 'खासगी' असा एक शब्द त्यानं कुठेतरी खरडला असता, तर मी मेलो असतो पण छापलं नसतं."

मी समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवली. मूग गिळून बसले, दुसरं काय!

ते 'खासगी'चं वाक्य त्यांच्याकडून मी पुढे एकोणीस वर्षं ऐकलं. ऐंशी साली त्यांच्या विचारांचा माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, गावात फटाके उडाले, तळघरातली मंडळी त्यांना खांद्यावर घ्यायची बाकी राहिली होती. एल्डन हसले, सगळ्यांशी हात मिळवले आणि दुसऱ्या दिवशी सहाला खिडकीशी एकटे बसले. मी कॉफी घेऊन समोर गेले तर म्हणाले, "मर्लला काय वाटत असेल गं?" सदर चालूच ठेवलं, पण पत्रं छापणं बंद. कुणी विचारलं तर म्हणायचे, "जागा नाही." दोघं त्याच गावात राहिले, त्याच चर्चला गेले, एक डाव्या बाजूला बसायचा, एक उजव्या. काय म्हणावं या पिळाला! मीही सांगू शकले असते. दर मंगळवारी सांगायचं ठरवायचे आणि दर मंगळवारी त्यांचं ते सुंदर अक्षर पुढ्यात घेऊन टाइप करायला बसायचे. एल्डन गेले ते तो शब्द मनात धरूनच गेले.

अंत्यविधीला मर्ल आले. सगळ्यात मागे बसले. नंतर तळघरात हॅम, बटाटे आणि केक मांडले होते, तिथे ते भिंतीशी एकटेच ताटली घेऊन बसले होते. पंचाहत्तरीचे झाले होते, मान थरथरत होती. मला वाटलं, आत्ता नाही सांगितलं तर कधीच नाही. निदान एल्डनवरचा डाग तरी धुवावा. मी शेजारची खुर्ची ओढली.

"मर्ल, तुम्ही पाकिटावर लिहिलं होतंत ना, 'हे फक्त तुझ्यासाठी'?"

त्यांनी काटा खाली ठेवला. "हो."

"ते एल्डननी कधी पाहिलंच नाही. पाकीट मी फोडलं, मी टोपलीत टाकलं. छापायच्या आधी तासभर ते मला दिसलं आणि मी ते जाळलं. त्यांचा दोष नव्हता हो. माझा होता." एवढं बोलून मला रडू फुटलं. एकोणीस वर्षं साठलेलं ते.

मला वाटलं आता मर्ल शिवी देतील, नाहीतर उठून जातील. त्यांनी आपला कागदी रुमाल माझ्याकडे सरकवला.

"आणि पाकिटावर काहीच नसतं लिहिलं तर?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"आतलं पत्र तूच टाइप केलंस ना? सगळं?"

"हो."

"ओपलला मी सांगितलेलं नाही, असं त्यात होतं. तेही टाइप केलंस?"

"हो."

"मग तुला कळलं नाही, ते कुणासाठी लिहिलंय?"

मी खोटं बोलू शकले असते. पण त्या माणसापुढे खोटं कसं बोलणार!

"कळलं होतं," मी म्हणाले.

"त्यालाही कळलं होतं," मर्ल म्हणाले. "नाहीतर दुसऱ्यांदा आला असता. ओपलनं दार लावलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो. वाटलं, जाऊ दे, पुढच्या रविवारी येईल तेव्हा मी स्वतः उघडीन."

एवढं बोलून त्यांनी ताटली उचलली आणि राहिलेले बटाटे खायला लागले.